सागराची रोजकीर्द

सागर अथांग आहे म्हणून तो अक्षयही आहे, ही समजूत आता कोणी उघडपणे बोलून दाखवीत नाही. परंतु सरकारांचा आणि संस्थांचा व्यवहार अजूनही बव्हंशी त्याच समजुतीवर चाललेला दिसतो. जंगलातील वाघांची गणना होते, धरणातील पाण्याची रोज नोंद होते; सागरातील जीवसृष्टीत वर्षानुवर्षे कोणते फेरबदल होत आहेत, याची सलग नोंद मात्र जगात फार थोड्या ठिकाणी ठेवली गेली आहे. जनुकविज्ञानाने ती ठेवण्याचे एक समर्थ साधन आता हाती दिले आहे. ते पाच-पन्नास वर्षे चिकाटीने वापरण्याची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

या साधनाचे तत्त्व सोपे आहे. मासा असो, खेकडा असो की नजरेस न पडणारे प्लवक असो, प्रत्येक जीव त्वचेच्या, चिकट स्रावांच्या आणि विष्ठेच्या रूपाने आपल्या डीएनएचे अंश पाण्यात सोडीत असतो. थोडे पाणी सूक्ष्म गाळणीतून गाळावे, गाळणीवर राहिलेल्या डीएनएचा ठरावीक भाग वाचावा आणि ज्ञात जातींच्या नोंदींशी तो ताडून पाहावा, म्हणजे त्या परिसरात कोणकोणत्या जातींचा वावर होता हे कळू लागते. जनुकाच्या एका लहानशा तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची कल्पना कॅनडातील शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी समुद्राच्या पाण्यातून, जाळे न टाकता, माशांच्या अनेक जाती ओळखून दाखविल्या.

या पद्धतीचे मोल काळाच्या ओघात कसे वाढते, हे उत्तर अटलांटिकमधील एका जुन्या उपक्रमावरून दिसून येते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले एक साधे यंत्र १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे बांधून ओढले जात आहे. त्यात शिरणारे पाणी रेशमी पट्टीतून गाळले जाते, प्लवक पट्टीवर अडकते आणि पट्टी फॉर्मॅलिनमध्ये गुंडाळली जाते. किनाऱ्यावरील तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव ओळखून मोजतात. काम कष्टाचे आणि प्रसिद्धीपासून दूरचे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तर ते बंद पडण्याची वेळ आली होती. १९९० मध्ये हार्डी यांच्या नावाने प्रतिष्ठान उभे राहिले म्हणून ते तगले.

मोजणी झालेल्या पट्ट्या टाकून दिल्या गेल्या नाहीत, हे मोठेच सुदैव. १९५८ ते २०११ या काळातील जतन केलेल्या नमुन्यांतून डीएनए काढून केलेले एक संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचा जंतू ज्या प्रजातीत मोडतो, त्या व्हिब्रिओ जिवाणूंचे प्रमाण या अर्धशतकात उत्तर अटलांटिकमध्ये वाढले असून त्या वाढीचा संबंध सागराच्या वाढत्या तपमानाशी आहे, असे त्यातून दिसले. १९५८ मध्ये ज्या खलाशांनी ते यंत्र पाण्यात सोडले, त्यांच्या काळी डीएनएतील मजकूर वाचण्याची पद्धतच अस्तित्वात नव्हती. ज्या प्रश्नाची कोणाला कल्पनाही नव्हती, त्याचे उत्तर रेशमाच्या पट्टीवर पन्नास वर्षे वाट पाहत पडले होते.

अर्थात जनुकीय पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. पाण्यातील डीएनए प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि थोड्याच काळात विरतो. जात कोणती हे तो सांगतो. तिचे जीव किती, लहान की मोठे, हे नेमके सांगत नाही. ज्या जातीची नोंद संग्रहात नाही, ती ओळखताही येत नाही. आणि ती नोंद करावयास प्रत्यक्ष प्राणी पारखणारा वर्गीकरणतज्ज्ञच लागतो. यंत्र आले म्हणून त्याची पदे रिकामी ठेवणे हा आत्मघात ठरेल.

भारताला हा धडा परका नाही. १९६० ते १९६५ च्या सुमारास झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ मध्ये, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. कांदोळीसमोरच्या समुद्रात तिने १९९७ पासून एका ठरावीक ठिकाणी पाण्याची वारंवार तपासणी चालू केली. पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू कसा घटतो, याचे चित्र अशा सातत्यानेच स्पष्ट होते. याउलट कोकणात बांगडा आणि तारली कमी मिळाली की दोष पर्ससीन जाळ्यांचा की तापलेल्या पाण्याचा, हा वाद पुन्हापुन्हा पेटतो. सलग नोंदीच्या अभावी असा वाद पुराव्याऐवजी आवाजाच्या जोरावर चालतो आणि त्यात लहान मच्छीमार हरतो.

खोल समुद्र मोहिमेसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोहिमांना मुदत असते. सागरातील बदलांना नसते. किनाऱ्यालगत काही ठिकाणे कायमची ठरवून, तेथील पाणी ठरलेल्या महिन्यांत एकाच पद्धतीने गाळावे आणि प्रत्येक नमुन्याचा काही भाग शीतगृहात पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवावा. एवढ्यासाठी लागणारी रक्कम मोठी नाही. परंतु ती दरवर्षी, न चुकता मिळाली पाहिजे. रोजकीर्दीतील गेलेल्या दिवसाची नोंद मागाहून कल्पनेने भरता येत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. सागराची जी पाने आज कोरी राहतील, ती कायमचीच कोरी राहतील.