सिंह खरा, पण रडेना

खऱ्याखोट्याची पारख करण्याचा पगार मी घेतो. पण ती नोटांची! कार्टूनकडे खरेपणाचा दाखला मागितला कुणी? १९९४ च्या 'लायन किंग'मधला चिमुकला सिंबा बाप गेल्यावर भुवया पाडून रडला, नि त्याच्याबरोबर आम्हीही. २०१९ मध्ये डिस्नेने तोच सिंह केसाकेसासकट हुबेहूब घडवला. आता खऱ्या सिंहाला भुवया कुठल्या? बाप मेला तरी चेहरा कर्ज नाकारणाऱ्या मॅनेजरसारखा कोरा! त्याच वर्षी व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकला सिनेमाच्या ट्रेलरमध्ये चक्क माणसाचे दात बसवले. पोरंच काय, बापेही किंचाळले. शेवटी निर्मात्यांना त्याचं रूप बदलावं लागलं. आमच्या मिकीच्या हातमोज्यात अंगठ्यासकट बोटं चारच आहेत, साहेब. पाचवं चिकटवायला कुणी आलंच, तर मी काउंटर बंद करीन.