आकृतीत न दिसलेला भाव

पेढीवरील जुने मुनीम निवृत्त झाले की महिन्याभरातच ध्यानात येते, की पेढीचे निम्मे नियम कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी, फुटका माल आला तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. मोठ्या उद्योगांत मुनिमांच्या जागी संगणकप्रणाली बसवायची असते आणि तिला न सांगितलेले काहीही समजत नाही.

म्हणून प्रथम व्यवहाराची आकृती काढतात. जर्मनीतील सारब्रुकेन येथील विद्यापीठात प्रा. शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅप या कंपनीच्या सहकार्याने १९९२ साली अशी एक पद्धत मांडली. षटकोनात घटना आणि गोलसर कोपऱ्यांच्या चौकटीत काम : ‘मागणी आली’, ‘उधारी तपासा’, ‘उधारी मंजूर झाली’. ही चित्रे माणसांनी वाचायची होती. ती समोर ठेवून प्रणालीची जुळणी जाणकार करीत. २०११ मध्ये बीपीएमएन या चिन्हपद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि नीट तपशील भरलेली आकृती यंत्राने थेट चालवावी, अशी सोय झाली.

तरीही बाण केवळ क्रम सांगतो. त्या क्रमाने जाणारा माल कोणत्या भावाने मोजायचा, हे बाणात दिसत नाही.

लिड्ल या जर्मन किराणा साखळीने २०११ मध्ये सॅपची प्रणाली आणण्याचे काम हाती घेतले आणि २०१८ मध्ये ते सोडून दिले. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे जर्मन वृत्तपत्रांनी लिहिले. (एवढ्या रकमेत किती मुनिमांचे पगार निघाले असते, हा हिशेब वाचकांनी करावा!) अडचणीचे एक मोठे कारण हिशेबनिसाला चटकन उमगेल असे होते. लिड्ल शिल्लक मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरीत असे. प्रणाली मूळात विक्रीच्या भावावर उभी होती.

८० रुपयांना घेतलेला साबण १०० रुपयांना विकायचा आहे. एका वहीत फळीवर ८० रुपये पडून आहेत, दुसऱ्या वहीत १००. विक्रीचा भाव ९० केला, तर पहिल्या वहीत काहीच बदलत नाही. दुसऱ्या वहीत प्रत्येक नगामागे १० रुपये कमी होतात आणि त्याची नोंद करावी लागते. माल एका दुकानातून दुसऱ्यात गेला, चोरीला गेला, कुजला, की हाच फरक पुन्हा उभा राहतो. आकृती मात्र दोन्हींची एकच : माल आला, मोजला, फळीवर ठेवला.

लिड्लने आपली रीत सोडली नाही, त्यामुळे प्रणालीलाच मुरड घालावी लागली. एकेक फेरफार नव्या फेरफाराला बोलावीत गेला. अखेर कंपनी आपल्या जुन्या, घरच्या प्रणालीकडे परतली. त्या प्रणालीत खरेदीचा भाव पहिल्यापासूनच होता.