जात पडताळणीपुरताच आजोबा?

कल्याण-डोंबिवलीतल्या आपल्या घरांत आजोबांची आठवण कधी निघते? पोराची जात पडताळणी आली की! १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्यासाठी गावी फोन जातात, पत्र्याची पेटी उघडते. दाखला सापडला की पेटी बंद. त्या कागदावर आजोबांची जात आहे. १९५६ च्या धर्मांतरात ती नाकारताना घरात काय भांडण झालं, देव्हारा नदीत कुणी सोडला, हे कुठल्या दाखल्यावर आहे?

उच्चवर्णीयांचे जाडजूड कुलवृत्तान्त निघतात. गोत्र, कुलदैवत, बापाकडून मुलाकडे जाणारी वंशावळ. आम्हाला त्याची नक्कल नको. आमच्या वहीत आधी आजी येईल. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, बोलतं करून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ आणलं. आपल्याला तर गाठायलाही जायचं नाही. आजी शेजारच्या खोलीत आहे.

‘आमच्याकडे लिहिण्यासारखं काय?’ हा प्रश्नच जातीने शिकवलेला. २६ जुलै २००५ च्या पुरात वालधुनीकाठच्या घरांतले किती फोटो गेले, विचारा.

यंदाच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झालं की अर्धा तास आजींना बोलू द्या. वह्या विहाराच्या निधीतून घ्या.