शॉकअप बदलण्याआधी पाटे पाहा

घरची गाडी

रत्नागिरी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. सलाम-दुआनंतर त्या लिहितात की, मुलांचे अब्बा बारा वर्षे सौदीत होते. परत आल्यावर त्यांनी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर पिकअप जुनी घेतली. हंगामात बागेतून आंब्याच्या पेट्या आणायच्या, एरवी दिराच्या होडीची मासळी बर्फासकट न्यायची आणि लग्नकार्याला सगळ्या घराने त्याच गाडीने जायचे. गाडी रिकामी असली की मागच्या सीटवर सासऱ्यांची कंबर धरते. भरली की मागून बसते आणि घाटात वळणावर डोलते. आता चारही शॉकअप काढून, बाहेर तेलाची वेगळी टाकी असलेले परदेशी बसवायचे घाटत आहे. दुकानदाराने सांगितलेला आकडा थोरल्या मुलीच्या वर्षाच्या फीपेक्षा मोठा आहे. ‘हे खरेच लागतात का, की नुसती हौस आहे?’

नुसती हौस आहे असे मी म्हणणार नाही. आखातात ज्याने हायलक्स किंवा लँड क्रूझरच्या पिकअप वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यावर पळताना पाहिल्या आहेत, त्याच्या मनात ते शॉकअप बसणारच. पण तिथे त्यांना जे काम पडते, ते तुमच्या बागेच्या वाटेवर पडत नाही. सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

शॉकअप वजन उचलत नाही. वजन उचलतात पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि एकदा उसळली की झुलत राहते. तो झोका आवरणे एवढेच शॉकअपचे काम. आत दांड्याला दट्ट्या असतो, त्याला बारीक भोके आणि झडपा असतात. दट्ट्या हलला की तेल त्या भोकांतून जोराने जाते, हालचालीची ताकद उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. म्हणून भरलेली गाडी मागून बसते हा शॉकअपचा दोष नव्हे. पाटे थकले आहेत किंवा पेट्या जास्त झाल्या आहेत. या तक्रारीवर जगातला सर्वांत महाग शॉकअपही उपाय नाही.

वळणावर डोलणे मात्र शॉकअपकडे बोट दाखवते. तरी त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी पाहून घ्या. दरवाजाच्या खांबावर हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे मागच्या टायरचे आकडे वेगळे असतील तर ते पाळा. पुष्कळ गाड्या भरल्या वजनाचा दाब ठेवून रिकाम्या फिरतात आणि कंबर धरली की दोष शॉकअपला जातो. मग गाडी पाटेवाल्याकडे न्या. एखादा पाटा तुटला आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का, बुशांचे रबर फाटले आहे का, दबण्याची हद्द सांभाळणारे रबरी ठोकळे जागेवर आहेत का, हे अर्ध्या तासात कळते. त्यानंतर शॉकअप. अंगावर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर घाबरू नये. तेल ओघळत असेल, दांड्यावर गंजाचे खड्डे असतील किंवा टायर जागोजागी वाटीसारखा खोलगट झिजला असेल, तर दिवस भरले. आणखी एक जुनी युक्ती आहे. खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या आणि चारही शॉकअपजवळ हात न्या, लावू नका. तीन गरम आणि एक गार असेल, तर तो गार काम करत नाही.

आता प्रकारांकडे. कंपनीतून येतात ते बहुधा दोन नळ्यांचे, एका नळीत दुसरी. आतल्या नळीत दट्ट्या चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर वायू. सतत हादरे बसले की तेल तापते, त्यात बुडबुडे होतात आणि फेसाळलेले तेल भोकांतून फुकट पळते. शॉकअप तिथेच ढिला पडतो. यावर फ्रान्सचे अभियंते द कार्बन यांच्या कल्पनेवरून जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५०च्या दशकात एका नळीचा शॉकअप बाजारात आणला. त्यात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता दट्ट्या असतो. वायू तेलात मिसळत नाही, नळी बाहेरच्या हवेला थेट लागलेली असल्याने लवकर गारही होते. बाहेरची टाकी हा त्याचाच पुढचा टप्पा, तेल आणखी जास्त, तापणे आणखी कमी.

आखातातल्या कच्च्या रस्त्यावर वाळू-खडीच्या बारीक लाटा उठलेल्या असतात. त्यावरून तासन् तास वेगाने गेले की शॉकअप सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली होतो, इतका की हात लावला तर भाजेल. टाकी तिथे कामाला येते. तुमची बागेची वाट जांभ्याची, चढणीची, पहिल्या-दुसऱ्या गिअरची. तिथे शॉकअप मोठा झोका घेतो, पण सावकाश. तेल उकळण्याची वेळच येत नाही. तिथले धोके दोन, उडणारा दगड आणि खारे पाणी.

एका नळीच्या शॉकअपमध्ये बाहेरची भिंत हीच दट्ट्याची भिंत. जांभ्याचा कोपरा लागून तिला पोचा पडला की दट्ट्या अडकू शकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेर छोटा पोचा पडला तरी आतले काम चालू राहते. शिवाय गॅस उतरला तर भरायचा कुठे? टायरवाल्याकडचा नायट्रोजन इथे उपयोगाचा नाही. टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय असतो, या शॉकअपमध्ये दोनशे आणि त्याहून वर. त्याला वेगळी यंत्रणा आणि जाणता माणूस लागतो, म्हणजे शॉकअप काढून मोठ्या शहरात पाठवणे आले. आंब्याच्या हंगामात गाडी आठ-पंधरा दिवस उभी ठेवणे परवडणार आहे का, हे घरी एकत्र बसून बोला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. याच मॉडेलसाठी बनवलेले, जरा जाड नळीचे, दोन नळ्यांचे गॅसचे शॉकअप घ्या. वाढीव दर्जाच्या मालात ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन इमूचे नायट्रोचार्जर या जातीचे आहेत. काही कंपन्या बाहेरच्या नळीत फोम भरतात, म्हणजे वायू तेलात मिसळत नाही, तेही चालतील. आणि मूळचे पाटे चांगले असतील, वजन मर्यादेत असेल, तर कंपनीचेच नवे शॉकअप बसवूनही अर्ध्याहून जास्त फरक पडतो. जुन्या गाडीला नवे साधे शॉकअप बसल्यावर लोकांना जी ‘अपग्रेड’ वाटते, ती पुष्कळदा मूळची चाल परत आलेली असते.

जड पाटे घालायचे असतील तर एक ध्यानात ठेवा. कडक पाटा दबल्यावर जास्त ताकदीने उसळतो. त्याला आवरणारा शॉकअपही त्याच हिशेबाचा हवा, म्हणून दोन्ही एकाच कंपनीच्या जोडीने घेतलेले बरे. पण कडक पाट्यावर रिकामी गाडी आणखी आपटते. वर्षातले दोन-अडीच महिने पेट्या आणि बाकीचे महिने सासरे मागे बसणार असतील, तर पाटे न वाढवता पेट्यांची एक फेरी वाढवलेली बरी. आंबाही कमी दबेल. पाट्याच्या गाडीत रिकामी असताना थोडे उसळणे राहणारच, ते पूर्ण जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

गाडी दोन इंच उंच करण्याचा आग्रह दुकानात होईल. मग शॉकअपही लांब लागतात, ब्रेकचे होज पुरतात का ते पाहावे लागते, आणि उंच गाडी वळणावर जास्तच कलते, म्हणजे आंबा घाटातली तक्रार वाढवून घेण्यासारखे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. मूळ लांबीचे शॉकअप घेतले तर हे प्रश्नच उद्भवत नाहीत. मूळ उंचीवर लांब शॉकअप मात्र घालू नका. रबरी ठोकळा लागण्याआधी शॉकअपच आत जाऊन आपटतो आणि लवकर फुटतो.

बसवताना स्वतः उभे राहा. एकाच आसावरचे दोन्ही शॉकअप बरोबरच बदलावे. दोन नळ्यांचा शॉकअप आधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा, आतली हवा वर जाते. पुढच्या स्प्रिंगा दाबण्याचे योग्य अवजार नसेल तर त्या गॅरेजला हात लावू देऊ नका, सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. अडकलेला बोल्ट काढायला गॅसच्या शॉकअपवर ज्योत मारणारेही असतात, त्यांना तिथेच थांबवा. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकलेली असताना नव्हे. नाहीतर रबर पिळलेलेच राहते आणि काही महिन्यांत फाटते. पुढचे काम झाले की चाकांचे अलाइनमेंट करून घ्या.

राहिली मासळी. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून गळून थेट मागच्या शॉकअपवर येते. दांडा गंजला की तो गंज सील कापतो आणि नवा शॉकअपही वर्षभरात गळू लागतो. पेट्यांखाली ताडपत्री घालून पाणी एका बाजूने मागे काढा आणि प्रत्येक फेरीनंतर गाडीखालून गोड्या पाण्याचा पाइप फिरवा, त्याच संध्याकाळी.