किरणोत्सर्गी भंगार : शिसे त्यांचे, मरण आमचे?

अणू म्हटला की आपल्याकडच्या विद्वानांना वीज आणि बॉम्ब एवढेच आठवते. भंगारवाला कोणालाच आठवत नाही. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली किरणोत्सर्गाने बळी घेतला तो कोणा शास्त्रज्ञाचा नव्हे, भंगाराच्या गाळ्यातल्या मजुराचा.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मजुरांनी ते हाताने फोडले, कारण शिशाला भाव येतो. ते शिसे आतले कोबाल्ट-६० झाकण्यासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. एकाने त्याचा तुकडा चक्क पाकिटात ठेवला. २६ एप्रिलला एक मजूर मरण पावला, आणखी काही जण रुग्णालयात पडले. विद्यापीठात लिहिता-वाचता येणाऱ्यांची वाण नव्हती. किरणोत्सर्गी वस्तूची परवानगीशिवाय विल्हेवाट लावता येत नाही, हा नियम १९८७ सालापासून होता.

मग असे भंगार वापरूच नये काय? तसे नाही. स्वीडनमध्ये स्टुड्सविक येथे, जर्मनीत क्रेफेल्ड येथे अणुप्रकल्पांतले कमी दूषित लोखंड खास भट्टीत वितळवले गेले आहे. युरेनियम मळीत जाते. सिझियम वाफ होऊन धुळीत उतरते आणि गाळणीत अडकते. खालचा धातू मोजून मगच बाहेर सोडतात. मात्र तिथे कोणता माल कुठून आला याची आधीच नोंद असते. शिवाय कोबाल्टपुढे ही युक्ती चालत नाही. तो लोखंडाचा सोयरा, वितळल्यावर लोखंडातच मुरतो. त्याचा जोर निम्मा व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, तेवढी वर्षे पुन्हा पुन्हा थांबणे एवढाच इलाज. म्हणून कोबाल्ट अडवायचा तो भट्टीच्या दाराशी.

दाराशी न अडवल्यास काय होते, ते २००८ साली फ्रान्सने पाहिले. लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. पोलाद आपल्या महाराष्ट्रातल्या ओतशाळेतले! बटणे जोडणाऱ्या २० फ्रेंच कामगारांना किती मात्रा बसली, याचा हिशेब तिथल्या सरकारी यंत्रणेने जाहीर केला. ते पोलाद ओतणाऱ्या, घासणाऱ्या आपल्या कामगाराची मात्रा वर्तमानपत्रांत कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

आता कायद्याचे बोलू. मायापुरीनंतर काही महिन्यांतच संसदेने अणुनुकसान दायित्व कायदा केला. मोठा गाजावाजा झाला. पण त्यातली व्याख्या वाचा. वैद्यकीय, औद्योगिक वा वैज्ञानिक वापरासाठी तयार झालेली समस्थानिके तिने सरळ वगळली होती. म्हणजे मायापुरीसारखी घटना पुन्हा घडली असती, तरी तो मजूर या कायद्याच्या दारातही उभा राहू शकला नसता. उरतो कामगार नुकसानभरपाईचा दावा. तिथे पहिला प्रश्न मालक कोण हाच असतो. भंगाराच्या गाळ्यात हजेरीपट कोण ठेवतो? आम्ही वकिलांनी अशा दाव्यांत साक्षीदार शोधताना काय हाल होतात ते पाहिले आहे.

परदेशातून येणाऱ्या भंगाराला तपासणीचा दाखला मागतात, ते योग्यच. परंतु मायापुरीचे भंगार जहाजातून आले नव्हते. ते सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या दारातून, रीतसर लिलावाने बाहेर पडले होते. भंगार वेचणारे, फोडणारे हात बहुतांशी आपल्या वस्त्यांतले आहेत, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. तेव्हा आपल्या कामगार संघटनांनी मागणी नेमकी करावी. रुग्णालय, विद्यापीठ, कारखाना यांनी जुने यंत्र विकताना आत किरणोत्सर्गी स्रोत नसल्याचा लेखी दाखला सहीनिशी द्यावा, आणि तो खोटा निघाल्यास सही करणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा. प्रत्येक भंगार बाजारात किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र असावे. त्याचा खर्च विकणाऱ्याकडून घ्यावा, वेचणाऱ्याकडून नव्हे.