या मुलांचे आपण कोण?

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या समाजाची दातृत्वाची एक रीत आता ठरून गेली आहे. १४ एप्रिलच्या सुमारास वर्गणी जमते. ती गावाकडच्या वसतिगृहाला, विहाराला किंवा एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला पोहोचते, आणि देणगीदारांची यादी स्मरणिकेत छापून येते. यात गैर काही नाही. ही रक्कम वाढावी असेच आम्ही म्हणू. परंतु आपण ज्या गावात राहतो त्या गावातील, आपल्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या गरीब मुलांचे आपण कोण, हा प्रश्न आपल्या सभांतून क्वचितच निघतो. तो निघावयास हवा, आणि त्याचे उत्तर धनादेशाने देता येणार नाही, असे आमचे मत आहे.

न्यू जर्सीत महामार्गालगत गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. आपल्या दाराशी रोज येऊन पडणारी खोकी बहुधा तेथूनच निघतात. ती भरणाऱ्यांपैकी कित्येकांना मजूर पुरविणारे ठेकेदार पहाटे गाडीत कोंबून नेतात, आणि त्या दिवशी काम आहे की नाही हे तेथे गेल्यावरच कळते. आम्ही काही मंडळी दर शनिवारी ज्या सार्वजनिक वाचनालयात मुलांचा गृहपाठ करून घेण्यास जातो, तेथे येणारी बरीचशी मुले अशाच घरांतली आहेत. गावाचे नाव येथे मुद्दामच देत नाही.

त्यांपैकी एक कुटुंब होंडुरासहून आलेले आहे. थोरली मुलगी अकरा वर्षांची, तिच्या पाठीवर दोन भाऊ, आठ आणि पाच वर्षांचे. वडिलांचा हात गोदामात दुखावला आणि रोजगार गेला. आई रात्री कार्यालये झाडण्यापुसण्याचे काम करते. तळघरातील एका खोलीत ही पाच माणसे राहतात. शाळा चालू असते तोवर मुलांच्या दुपारच्या जेवणाची चिंता नसते, कारण १९४६ च्या कायद्यापासून या देशात शालेय भोजनाची योजना आहे आणि गरिबांच्या मुलांना ते जेवण विनामूल्य मिळते. शाळेला सुटी लागली की मात्र घरखर्च वाढतो. सुटी म्हणजे आनंद, हे आपल्या मुलांचे गणित या घरात उलटे आहे.

या मुलीला अपूर्णांक जमत नाहीत म्हणून ती आमच्याकडे आली. पुढे लक्षात आले की तिची अडचण अपूर्णांकांची नसून वेळेची आहे. आईवडिलांना इंग्रजी येत नाही. त्यामुळे घरमालकाशी बोलणे, दवाखान्यात औषधाची मात्रा समजून घेणे, वीजबिलाचा खुलासा, हे सारे तीच करते. शाळेतील पालकसभेत स्वतःच्याच तक्रारी आईला भाषांतर करून सांगण्याची पाळीही तिच्यावर येई. आपल्यातील साठी ओलांडलेल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. वस्तीत चौथी शिकलेले एखादेच पोर असे, आणि मुंबईहून गिरणीतल्या माणसाचे पत्र आले की साऱ्या आळीचे दुःख त्या पोराच्या तोंडून वाचले जाई. कर्ज किती, कोण आजारी, कोण गेले, हे सारे त्या वयात ज्याला मोठ्याने वाचावे लागले, त्याचे बालपण लवकर संपले.

तिला सर्वांत मोठी मदत कोणती झाली म्हणाल, तर एका पत्राची. पालकांना समजेल अशा भाषेत त्यांच्याशी संवाद साधणे ही शाळेची जबाबदारी आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातूनच ती येते. आमच्यातील एका भगिनीने त्या मातेला विचारून, तिच्याच सहीने, शाळेकडे दुभाष्याची मागणी केली. पुढच्या सभेला दुभाषी आला आणि मुलगी प्रथमच आईच्या शेजारी नुसती मुलगी म्हणून बसली. या कामी खर्च शून्य आला.

आता एका अप्रिय गोष्टीविषयी. आपल्याच घरगुती मैफलींत, जेवणाची ताटे हातात घेऊन, ‘ही माणसे बेकायदा आलेली, यांना कशाला डोक्यावर घ्यायचे?’ असे बोलले जाते. आपण परीक्षा देऊन, व्हिसा घेऊन, रांगेत उभे राहून आलो याचा अभिमान जरूर असावा. पण मुलाने शाळेत बसावे की नाही हे त्याच्या बापाच्या कागदपत्रांवरून ठरवावयाचे काय? टेक्सास राज्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. ‘यांना शिकून काय करायचे आहे’, ‘यांच्यात राहण्याची रीतच नाही’ ही वाक्ये आपल्या आजोबांनी ऐकलेली आहेत. ती आपल्या तोंडी इंग्रजीतून आली म्हणून त्यांचा अर्थ बदलत नाही. शाळा, इस्पितळे व प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात सहसा धरपकड करू नये हा जुना संकेत जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून कित्येक घरे साध्या अर्जावर पत्ता लिहिण्यासही कचरतात. अशा वेळी ओळखीचा एक चेहरा शनिवारी ठरल्या जागी दिसणे, ही त्या मुलांच्या लेखी लहान गोष्ट नाही.

ठरल्या जागी, ठरल्या वेळी, आणि दीर्घकाळ. यावर आमचा विशेष भर आहे. न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातील एका लेखनिकाच्या आवाहनातून १९०४ साली ‘बिग ब्रदर्स’ची चळवळ सुरू झाली. तिच्या कार्यावर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या मित्राची सोबत लाभलेली मुले शाळा कमी बुडवितात व अमली पदार्थांकडे कमी वळतात असे आढळले. परंतु त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास होऊन २००२ साली दुसरी बाजूही पुढे आली. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या मैत्रीचा लाभ सर्वाधिक होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या मैत्रीने मात्र मुलांच्या मनातील स्वतःची किंमत उलट घटली होती. म्हणजे अर्धवट सोडण्यापेक्षा न गेलेले बरे. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात ‘सेवेचे तास’ भरावयाचे म्हणून आपली कुमारवयीन मुले दोन महिने येतात आणि प्रमाणपत्र घेऊन नाहीशी होतात, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. असा एक मुलगा येईनासा झाल्यावर पाच वर्षांचा तो धाकटा कित्येक शनिवार दाराकडे तोंड करून बसे.

मदत करणाऱ्याने घेण्याचीही तयारी ठेवावी. एकदा ती माता बालेआदा घेऊन आली. हा त्यांच्याकडचा पदार्थ. मैद्याच्या पोळीत शिजविलेल्या घेवड्याचे सारण घालून ती दुमडतात. तिने कागदी बशा मांडल्या आणि बाजूला उभी राहून आम्ही खातो की नाही हे ती पाहत राहिली. एक बाई ‘डाएट’ म्हणून नको म्हणू लागल्या. शेजारच्या भगिनीने त्यांच्या हातात बशी ठेवली. आपल्या हातचे कोणी खाल्ले आणि कोणी टाळले याचा हिशोब ठेवत पिढ्या गेलेल्या समाजाला त्या मातेची नजर समजावून सांगण्याची गरज नाही. आमची पूर्वजमंडळी ओंजळ धरून खाली बसत आणि पाणी वरून ओतले जाई. तहान भागे, पण ओतणारा भांडे आपल्याला शिवू देत नसे. महागडी खेळणी आणून बापासमोर मुलांना वाटणे, त्यांच्यासह छायाचित्र काढून समूहात पाठविणे, यांत आम्हांला तीच वरून धरलेली धार दिसते.

चर्नी रोडच्या बागेत नियमाने वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण होऊन विचारपूस केली. त्याला पुस्तके दिली, मॅट्रिकच्या सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. केळुसकर गुरुजी श्रीमंत नव्हते. बाबासाहेबांवर जीव लावणाऱ्या या शिक्षकाचे नाव आपण दरवर्षी भाषणांतून घेतो. पण बागेतल्या बाकावर वाचणाऱ्या अनोळखी मुलाला ‘काय वाचतोस?’ असे विचारावयास आपल्यापैकी कितीजण थांबतात? पुढे बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, करुणा मनुष्यापुरती असते आणि बुद्ध तिच्याही पुढे जाऊन मैत्री शिकवितात, असे मांडले. मैत्रीत वर आणि खाली बसण्याच्या जागा नसतात.

जूनअखेर शाळा बंद होतील. उन्हाळ्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना विनामूल्य जेवण देणारी सरकारी केंद्रे अनेक वाचनालयांत व उद्यानांत चालतात. आपापल्या गावातील केंद्राचा पत्ता काढून तो अशा घरांपर्यंत पोहोचविणे, एवढे तरी प्रत्येकास शक्य आहे. गृहपाठ-वर्गासाठी मात्र वर्षभर येऊ शकणाऱ्यांनीच नाव द्यावे. बोटांचे ठसे व पार्श्वभूमीची तपासणी यांस काही आठवडे लागतात. मुलांना एकटे भेटावयाचे नाही, आपल्या गाडीतून न्यावयाचे नाही, हातात पैसे ठेवावयाचे नाहीत. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. स्पॅनिश येत नसली तरी चालेल. अपूर्णांकांची बेरीज मात्र यावयास हवी.