‘नुसता पेंटर’?

बाबूराव पेंटरांबद्दलचं एक मत ऐकून ऐकून गुळगुळीत झालं आहे. मूळचे चित्रकार, म्हणून पडद्यावरही त्यांनी देखावेच उभे केले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून गेले, आणि खरा सिनेमा त्यांच्या ‘प्रभात’ कंपनीने काढला. म्हणजे पेंटर ही प्रभातची प्रस्तावना!

चित्रकार होते, हे कोण नाकारतो? पण नुसत्या कुंचल्याने कॅमेरा घडत नाही. त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, तेव्हा दोघांचं स्वतः कॅमेरा बनवण्याचं स्वप्न अर्ध्यावर होतं. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो कोल्हापुरातच बनवला. तानीबाई कागलकरांनी पैसा घातला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. फाळक्यांच्या चित्रपटातली तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते काय रंगवलेले पडदे पाहून?

देखाव्यांच्या आरोपाला खरं उत्तर १९२५चा ‘सावकारी पाश’ देतो. कथा ना. ह. आपट्यांची. ना देव, ना मुकुट. कर्जाच्या कागदात जमीन गमावून शहरातल्या गिरणीकडे निघालेला शेतकरी. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत एक दृश्य घट्ट राहिलं: अंधुक उजेडातली भकास झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा. संवाद नाहीत, तरी घराची अवकळा कळते. उजेड कुठे द्यायचा आणि कुठे मुद्दाम रोखायचा, हे चित्रकाराला कळणार नाही तर कुणाला? ज्याला दोष म्हणतात, तेच त्यांचं भांडवल होतं.

त्या चित्रपटातला तरुण शेतकरी कोण? शांतारामच. प्रभातचे ते चौघेही याच तालमीतले. पठ्ठ्याने मैदान मारलं म्हणून वस्ताद कच्चा, हा न्याय निदान कोल्हापुरात तरी कुणी सांगू नये.

बोलपटात मूकपटांइतका दबदबा त्यांना मिळाला नाही, हे मान्य. पण ‘संपले’ म्हणणाऱ्यांनी ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) कुठे टाकायचे? ‘सावकारी पाश’ही त्यांनी १९३६ला बोलता करून पुन्हा काढला. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर तर शांतारामांच्या जोडीने दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आहे.

मूक ‘सावकारी पाश’ची प्रत मात्र आज आपल्यापाशी नाही.